देव पुरवतो, आणि बाई पुरवून वापरते

आजच्या व्याख्यानाचा विषय बाहेरच्या फलकावर ‘देव पुरवतो’ असा लिहिलाय. काल साताऱ्यात बोललो तिथंही तोच होता. काल एका आजोबांनी विचारलं, ‘‘प्रवचन आहे की टीका?’’ म्हटलं, टीका आहे. पण देवावर नाही, एका पुस्तकाच्या वाचनावर आहे. ते पुस्तक म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. सांगलीच्या श्रोत्यांपैकी निम्म्यांनी तरी ते वाचलेलं असणार आणि उरलेल्यांनी शाळेत त्यातला एखादा विनोदी उतारा वाचलेला असणार. माझी तक्रार त्या उताऱ्यापासूनच सुरू होते.

पण आधी शब्द बघू. मराठी बायबलचे दोन भाग. जुना करार, नवा करार. सेरामपूरला विल्यम केरीच्या छापखान्यातून मराठी नवा करार १८११ साली निघाला, म्हणजे दोनशे वर्षांहून अधिक काळ बायबल मराठीत आहे. आणि त्याच्या केंद्रस्थानी असलेल्या कल्पनेला आपण ‘करार’ म्हणतो. आता करार म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? स्टँपपेपर. भाडेकरार, अकरा महिन्यांचा. साखर कारखान्याचा ऊसतोडीचा करार. दोन पक्ष, दोन सह्या, दोन साक्षीदार, आणि खाली अट : एकानं मोडला तर दुसरा मोकळा.

आता उत्पत्तीच्या पुस्तकातला पंधरावा अध्याय काढा. अब्राम म्हातारा झालाय, पोरबाळ नाही, आणि देव सांगतोय की तुझी संतती ताऱ्यांएवढी होईल. तो साहजिकच विचारतो, कशावरून? मग देव त्याला जनावरं आणायला सांगतो. कालवड, शेळी, एडका. त्यांचे मधोमध दोन भाग करून समोरासमोर मांडायचे. त्या काळी करार करायची ही रीत होती. दोघांनी त्या तुकड्यांमधून चालत जायचं. अर्थ असा, की मी शब्द मोडला तर माझंही असंच होवो. हिब्रूत करार ‘करत’ नाहीत, ‘कापतात’. आपल्याकडे बोकड कापून शपथा घेतल्याच्या गोष्टी ज्यांनी आजीकडून ऐकल्यात, त्यांना हे लगेच कळेल.

बरं, मग चालतं कोण? गिधाडं हाकून हाकून अब्राम दमलाय. दिवस मावळता त्याला गाढ झोप लागते. आणि अंधारात धुमसणारी भट्टी आणि जळती मशाल त्या तुकड्यांमधून जाते. एकच पक्ष चालतो, दुसरा झोपलेला आहे! हा आपल्या अर्थानं करारच नव्हे. अब्रामची सहीच नाही त्यावर.

मोशे वाइनफेल्ड नावाच्या अभ्यासकानं १९७० साली एक निबंध लिहिला. त्यात त्यानं म्हटलं, की प्राचीन पश्चिम आशियात दोन प्रकारचे करार होते. एक मांडलिकाशी केलेला तह, त्यात अटी मांडलिकावर. दुसरा राजानं निष्ठावंत सेवकाला दिलेलं दान, त्यात बांधील राहतो तो राजा. अब्राहामाशी झालेला दुसऱ्या प्रकारचा. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, याला इतकं फिरून जायची काय गरज? आपल्याकडे शब्द आहे की. सनद! पुत्रपौत्रादी वंशपरंपरेनं, चंद्रसूर्य असेपर्यंत. साताऱ्याच्या छत्रपतींच्या दफ्तरात अशा सनदांची काय कमी? वतनाची सनद मिळालेल्या माणसाला रोज उठून आपण लायक आहोत का हे सिद्ध करावं लागत नसे. आपल्या भाषांतरकारांनी ‘सनद’ घेतला असता तर मराठी ख्रिस्ती प्रवचनाचा सूर वेगळा झाला असता, असं माझं मत आहे. ‘करार’ शब्दानं देवाला घरमालक केलं आणि भक्ताला भाडेकरू.

अर्थात सनदेवरही सातारकरांनी विश्वास का ठेवावा, असा प्रश्न येतोच. काल तो आलाच. २५ सप्टेंबर १८१९. कंपनी सरकारनं प्रतापसिंह छत्रपतींशी तह केला, राज्य त्यांना आणि त्यांच्या वारसांना कायमचं दिलं. १८३९ मध्ये प्रतापसिंहांना गादीवरून काढून काशीला पाठवलं. भाऊ शहाजी गादीवर आले, ते १८४८ ला वारले, दत्तक नामंजूर, राज्य खालसा. रंगो बापूजी गुप्ते बिचारे लंडनमध्ये वर्षानुवर्षं दारं ठोठावत बसले, हातात तहाचा कागद घेऊन. म्हणजे ‘कायमचं’ या शब्दाची किंमत काय हे या शहराला नीट माहीत आहे. तुम्ही सांगलीकर नशीबवान. चिंतामणराव पटवर्धनांचाही कंपनीशी तह १८१९ सालचाच, पण तो टिकला, संस्थान १९४८ पर्यंत राहिलं. दोन गावं, एक नदी, एकाच सालचे दोन कागद. एक पाळला गेला, एक नाही. शब्द पाळणारा पाळतो म्हणून टिकतो, कागदावर काय लिहिलंय त्यानं नाही. बायबलमध्ये देवाची ‘विश्वासूता’ म्हणतात ती याच अर्थानं. ती लेखणीत नसून देणाऱ्याच्या स्वभावात आहे.

आता या साताऱ्यात १९१७ साली एक माणूस आला. नारायण वामन टिळक. जन्म १८६१, करजगाव. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा. अमेरिकन मराठी मिशनमध्ये वीस वर्षांहून अधिक सेवा, ‘ज्ञानोदय’चं काम, आणि मराठी ख्रिस्ती पदं, ज्यांच्यामुळे चर्चमध्ये आपल्या चालीतलं गाणं रुजलं. हा माणूस वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी मिशनचा पगार सोडतो, ख्रिस्ती संन्यासी म्हणवतो आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उघडतो. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सगळे ख्रिस्तशिष्य एका कुटुंबात. त्याला मिशनची चौकट नको होती आणि मिशनचा पैसाही नको होता. पैसा कुठून येणार? देव पुरवील.

दोन वर्षांत, ९ मे १९१९ ला, टिळक गेले. त्यांच्यामागे दरबार फार चालला नाही.

या साताऱ्याच्या दोन वर्षांवर मराठीत दोन पद्धतीनं लिहिलं जातं. एक भक्तिभावाची. टिळक म्हणजे तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे गेलेला संत, आणि साताऱ्याचा संन्यास म्हणजे त्या प्रवासाचं शिखर. दुसरी अलीकडची. टिळक म्हणजे घराकडे दुर्लक्ष करणारा लहरी नवरा आणि लक्ष्मीबाई म्हणजे सोसणारी, पुढं बंड करणारी बाई. दोन्ही वाचनांत थोडं तथ्य आहे, पण दोघांनीही एक गोष्ट सोडून दिली, आणि ती म्हणजे लक्ष्मीबाईंचं हसू. भक्तांना ते हसू म्हणजे गोड विनोद वाटतो, म्हणून पाठ्यपुस्तकात चालतो. दुसऱ्यांना ते दुःख लपवायची युक्ती वाटते. मला ते ईश्वरविषयक मत वाटतं. होय, मत! एका शाळेत न गेलेल्या बाईचं धर्मशास्त्र.

बघा, ‘पुरवणे’ हा आपला शब्द किती गमतीचा आहे. देव पुरवतो, म्हणजे देतो. हट्ट पुरवतो. पण तुमच्या आईनं महिनाअखेरीला तेल कसं वापरलं? पुरवून पुरवून. एकाच धातूत देणाऱ्याचं काम आणि आलेलं टिकवणाऱ्याचं काम, दोन्ही. टिळकांना पहिला अर्थ ठाऊक होता. हातात आलेला पैसा दुसऱ्याच्या हातात जाईपर्यंत त्यांना चैन नसे. बाजारासाठी निघालेला रुपया भलतीकडे पोचे. दुष्काळात पोरकी झालेली मुलं घरात येत. आणि आणली की त्यांना जेवायला घालायचं काम दुसऱ्या अर्थाच्या तज्ज्ञ व्यक्तीकडे. ‘स्मृतिचित्रे’ हे पुरवून वापरणारीनं पुरवणाऱ्याबद्दल लिहिलेलं पुस्तक आहे.

इथं मला पहिल्या राजांच्या पुस्तकातला सतरावा अध्याय आठवतो. दुष्काळ पडलाय. एलीया संदेष्टा सारफथ गावच्या विधवेकडे जातो. ती काटक्या वेचतेय. तो पाणी मागतो, मग म्हणतो, जरा भाकरही आण. ती सांगते, मडक्यात मूठभर पीठ आहे, कुपीत थोडं तेल. या काटक्यांवर शेवटचं काहीतरी करीन, मी आणि मुलगा खाऊ आणि मरू. आणि तो म्हणतो, आधी मला कर. मग तुमचं.

ही गोष्ट मी किती प्रवचनांत ऐकली असेल. प्रत्येक वेळी एलीयाच्या बाजूनं! दे, म्हणजे मडकं रिकामं होणार नाही. पुढं मग दानपेटी फिरते. पण मूळ गोष्टीत ती बाई बोलते हो. आपला हिशेब ती देवाच्या माणसाला तोंडावर ऐकवते. मूठभर, थोडं, शेवटचं. संकलन करणाऱ्यांनी तिचं हे वाक्य काढून टाकलं नाही. चमत्कार होतो तो या हिशेबानंतर होतो, हिशेब गिळून नव्हे. ज्या प्रवचनात विधवेचं हे वाक्य येत नाही ते प्रवचन अर्धं आहे, मग बोलणारा कितीही नामवंत असो.

‘स्मृतिचित्रे’ म्हणजे त्या विधवेचं वाक्य, चार भाग लांब. १९३४ पासून प्रसिद्ध झालेलं. आणि गंमत म्हणजे ते वाक्य बोलून झाल्यावर बाई चूल पेटवतेच. ती टिळकांना सोडत नाही, पण त्यांच्या विश्वासाला आरतीही ओवाळत नाही. पिठाचा डबा उघडून दाखवते आणि हसते. तो डबा कधी रिकामा राहिला आणि कधी अनपेक्षितपणे भरला, दोन्ही ती सारख्याच आवाजात सांगते. विश्वासावर लिहिणाऱ्यांत हा समान आवाज फार थोड्यांना साधतो. साक्ष देणारी माणसं भरलेल्या डब्याच्याच गोष्टी सांगतात.

आता टिळकांवर टीका करायची तर नेमकी कुठं? पगार सोडला यावर माझी टीका नाही. १९१७ मध्ये मुलगा दत्तू सव्वीस वर्षांचा होता, घरात तान्ही पोरं नव्हती. खरी टोचणारी गोष्ट १८९५ ची. बायकोला विश्वासात न घेता बाप्तिस्मा, पदरात लहान मूल, आणि पुढं पाचेक वर्षांची ताटातूट. बायबलमध्ये मलाखी नावाचा छोटा संदेष्टा आहे, तो लग्नालाही हाच करार शब्द लावतो. म्हणजे टिळकांनी एक करार स्वीकारताना दुसऱ्याला तडा दिला. त्यांच्या बाजूनं एवढं नक्की सांगता येईल, की त्यांनी दुसरं लग्न केलं नाही, वाट पाहिली, आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या विचारानं, स्वतःच्या वेळेवर बाप्तिस्मा घेतला. ओढून नव्हे. अब्राम झोपला असता चाललेल्या मशालीसारखी ही वाट पाहणं, असं मला कधी कधी वाटतं. पण पाच वर्षं ज्या बाईनं काढली तिला हे सांगायची माझी तरी हिंमत नाही.

तुकोबांशी तुलना करून बघा. परंपरा सांगते की तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. नीट ऐका, किती? निम्मी. भाऊ कान्होबाचा वाटा त्यांनी त्याला देऊन टाकला, आपला तेवढा बुडवला. ज्या दुष्काळात पहिली बायको अन्नाविना गेली, त्याच माणसाचा हा हिशेब. विठ्ठलावर सोडायचं ते आपल्या वाट्याचं सोडायचं, भावाच्या वाट्याचं नाही. देवावर भरवसा ठेवण्याच्या विषयात याच्याइतकी काटेकोर गोष्ट माझ्या माहितीत नाही, आणि कीर्तनात ती किती घाईघाईनं सांगतात! (अवलीची बाजू वेगळी, तिच्या मते तो निम्मा वाटाही संसाराचाच होता. त्यावर एक व्याख्यान स्वतंत्र होईल.)

आणि दामाजीपंत. मंगळवेढा इथून लांब नाही, जतच्या पलीकडं. दुष्काळात बादशहाचं कोठार लोकांना उघडून दिलं, आणि विठोबा विठू महार होऊन बिदरला पैसे भरून आला. आम्हाला ही गोष्ट ‘देव भक्ताचं कर्ज फेडतो’ म्हणून शिकवली. पण दामाजीनं देवाकडं धान्य मागितलं का? कोठाराच्या किल्ल्या त्याच्याच कमरेला होत्या. त्यानं कोठार उघडलं, स्वतःची मान धोक्यात घालून. देव आला तो नंतर, हिशेब मिटवायला.

जुन्या करारातही हे असंच आहे, फक्त आपण ते रुक्ष कायदे म्हणून उलटून टाकतो. शेताचे कोपरे कापू नका, गळालेलं धान्य गोळा करू नका, ते गरिबाला आणि परक्याला राहू द्या. आपल्याकडे याला शब्द आहे, सरवा. भुईमूग निघाल्यावर, गहू काढल्यावर ज्या बाया सरवा वेचतात त्यांच्या हक्काची ही कलमं आहेत. आणि दुसरं : कर्जापोटी कुणाचं जातं गहाण ठेवून घेऊ नका, कारण ते जीव गहाण ठेवणं आहे. बघा, पुरवण्याचा करार देवाशी आहे, पण त्याची कलमं शेतमालकावर आणि सावकारावर आहेत. देव पुरवतो तो तुमच्या बांधावरून पुरवतो. हे कळलं की ‘देव बघेल’ म्हणून हात झटकता येत नाहीत.

‘देव बघेल’वरून आठवलं. अब्राहाम मुलाला घेऊन डोंगरावर जातो, त्या जागेचं नाव यहोवा-यिरे. त्याचा अर्थ सगळे ‘परमेश्वर पुरवील’ असा सांगतात. पण त्या हिब्रू धातूचा मूळ अर्थ ‘पाहणे’. परमेश्वर पाहील. इंग्रजी वाचणाऱ्याला हे टीप देऊन समजवावं लागतं. आपल्याला नाही. ‘‘म्हातारीचं आता कोण बघतं?’’ असं आपण विचारतो तेव्हा डोळ्यांबद्दल थोडंच विचारतो? औषध, जेवण, कपडा, सगळं त्या बघण्यात आलं. इथं मराठी भाषांतराला आयती संधी होती.

आणि न बघितलेलंही आपण जाणतो. ऑगस्ट २०१९ मध्ये याच सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं होतं, आणि त्याच जिल्ह्यात जत-आटपाडीला पाण्याची ओढ नेहमीचीच. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा साताऱ्यातून येते, तिच्याबद्दल ‘देवानं दिलं’ हे वाक्य पुरात आणि दुष्काळात दोन्ही वेळा कसं उच्चारायचं? मला याचं उत्तर देता येत नाही. ईयोबाच्या मित्रांनी दिलं होतं, त्यांची काय शोभा झाली ते त्या पुस्तकात आहे.

पण सांगली जिल्ह्यानं या प्रश्नाला एक वेगळंच उत्तर दिलंय, ते सांगतो आणि मग पुस्तकाकडे परत येतो. तासगाव तालुक्यातलं विसापूर. वि. स. पागे, विधान परिषदेचे सभापती, आध्यात्मिक वृत्तीचा गांधीवादी माणूस. मागेल त्याला काम, ही त्यांची कल्पना. तिचा पहिला प्रयोग साठच्या दशकात याच भागात झाला. १९७२ च्या दुष्काळात ती महाराष्ट्रभर माणसं जगवायला उपयोगी पडली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. नाव काय दिलं? रोजगार हमी. ‘हमी’! त्यात गरिबाची सही लागत नाही. तो नुसता काम मागतो, बांधील राहतं सरकार. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात जे घडतं त्याच्या सगळ्यांत जवळ जाणारा मराठी शब्द मला सनदेपेक्षाही हा वाटू लागलाय. सनद वरच्यांना मिळत असे. हमी खडी फोडणाऱ्या बाईला मिळाली. ती प्रत्यक्षात किती पाळली गेली, मस्टर कुणी भरलं, मजुरी किती आठवड्यांनी हातात पडली, हे खडी फोडणाऱ्यांनाच विचारा. पण मुळात शब्द देणाऱ्यानं स्वतःला बांधून घेतलं, हे महत्त्वाचं.

आता पुस्तक. लक्ष्मीबाईंच्या वाचकांनी ‘स्मृतिचित्रे’बरोबर एक दुसरा ग्रंथ शेजारी ठेवायला हवा, आणि तो कुणी ठेवत नाही. ‘ख्रिस्तायन’. ख्रिस्ताचं ओवीबद्ध चरित्र. टिळकांनी ते हाती घेतलं, दहा-अकरा अध्याय झाले आणि साताऱ्याच्या त्या दोन वर्षांनंतर ते गेले. म्हणजे त्यांचा दरबारही अर्धा आणि ग्रंथही अर्धा. पुढचे साठाहून अधिक अध्याय कुणी लिहिले? लक्ष्मीबाईंनी. जिला अक्षरओळखही लग्नानंतर झाली तिनं. शेवटचा अध्याय मुलानं पुरा केला. १९३६ मध्ये लक्ष्मीबाई गेल्या आणि १९३८ मध्ये ग्रंथ बाहेर आला.

काव्य म्हणून ‘ख्रिस्तायन’ सलग चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. लांबलंय, काही ठिकाणी नुसती कथा सांगत पुढं सरकतं. ‘स्मृतिचित्रे’तली बाई त्यात क्वचितच हसते. समीक्षकांनी ते बाजूला ठेवलं याचं कारण मला समजतं. पण ते बाजूला ठेवल्यामुळे आपण तिला नवऱ्याच्या भोळ्या विश्वासाची गंमत सांगणारी बाई एवढंच करून टाकलं. ज्याच्या अव्यवहारीपणावर ती इतकी हसली, त्याचा अर्धा राहिलेला शब्द तिनं वर्षानुवर्षं रोज थोडा थोडा करून पुरा केला. तिला कुणी सांगितलं नव्हतं. पगार नव्हता. त्या शब्दावर तिची सहीही नव्हती.

ग्रंथालयात दोन्ही पुस्तकं आहेत का, ते निघताना बघा. नसतील तर मागणीचं पत्र लिहा. प्रश्न घेऊ या आता. मागच्या रांगेतल्या ताईंनी मघापासून हात वर केलाय.